साडेचार महिन्यांच्या लॅबचे पाय वाकलेत. कॅल्शियमच्या सिरपचा डोस वाढवू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. लॅब्राडोरचं साडेचार महिन्यांचं नर पिल्लू, वजन १४ किलो. सकाळी पेलाभर गाईचं दूध आणि दोन पोळ्या, दुपारी पुन्हा दोन पोळ्या, रात्री भात आणि पाव किलो बोनलेस चिकन. दोन आठवड्यांपासून पुढचे दोन्ही पाय बाहेर वळल्यासारखे दिसतात, पंजे पसरलेत, उठताना कुरकुरतो, जिन्याकडे फिरकत नाही. केमिस्टने दिलेलं कॅल्शियमचं सिरप रोज दोन चमचे चालू आहे, शिवाय सकाळी अर्धा तास कोवळ्या उन्हात बसवता. फरक नाही, म्हणून डोस वाढवावा का असं विचारलंय. घरातली दोन वर्षांची मांजर फक्त दूध-पोळी आणि उकडलेला मासा खाते, तिचीही काळजी वाटते.

डोस वाढवू नका. सिरप कोणतं आणि किती चमचे, हा इथला खरा प्रश्न नाही. दिवसभरात त्याच्या पोटात कॅल्शियम किती जातं, फॉस्फरस किती जातो आणि त्या दोघांचं प्रमाण काय, हे बघायला हवं. तुम्ही खाणं वजनासकट लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण आता हिशेबच मांडता येतो.

२०० मिली गाईच्या दुधात कॅल्शियम साधारण २४० मिलिग्रॅम. चार पोळ्यांना १२० ग्रॅम कणीक धरली तर त्यातून ४० च्या आसपास. पाव किलो बोनलेस चिकनमधून जेमतेम २५ ते ३०. भातातून नगण्य. एकूण सव्वातीनशे मिलिग्रॅम धरा. आता फॉस्फरस: दुधातून १९०, कणकेतून ४००, चिकनमधून ५००, तांदळातून शंभरेक, म्हणजे सुमारे १,२०० मिलिग्रॅम. या वयाच्या आणि वजनाच्या लॅबला दिवसाला साधारण १,१०० किलोकॅलरी लागतात आणि तेवढ्या अन्नातून ३,००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळायला हवं. त्याला मिळतंय त्याच्या एक दशांश. शिवाय वाढीच्या वयात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त हवं, साधारण सव्वास एक. तुमच्या पिल्लाच्या ताटात उलट फॉस्फरसच जवळजवळ चौपट आहे.

तुमचं पिल्लू उपाशी नाही, कॅलरी पुरेशा मिळताहेत, अंगही भरतंय. म्हणूनच हा आजार लवकर लक्षात येत नाही. चिकनने हाडं मजबूत होतात असा आपला समज असतो, पण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच. चिकनमध्ये एका भाग कॅल्शियममागे १५ ते २० भाग फॉस्फरस असतो, कलेजीत त्याहून कितीतरी जास्त. रानात शिकार करणारं जनावर मांसाबरोबर हाडंही खातं. आपण 'बोनलेस' आणतो.

पुढे शरीरात काय होतं ते बघा. हृदय, स्नायू आणि मज्जातंतू चालण्यासाठी रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पातळीवर राहावंच लागतं. अन्नातून ते आलं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. रक्ताची पातळी सांभाळली जाते, हाडं मात्र पोखरली जातात. पिल्लू वाढत असतं, वजन रोज वाढतं आणि ते पेलणारी हाडं पातळ होत जातात. मग पाय वाकतात, हात लावला तर दुखतं, आणि सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही हाड मोडतं. याला न्यूट्रिशनल सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण बोनलेस चिकन-भातावर किंवा दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लांमध्ये आजार अजिबात दुर्मिळ नाही.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. रक्ततपासणीत कॅल्शियम 'नॉर्मल' आलं तर निर्धास्त होऊ नका. हाडं मोडून का होईना, शरीराने ती पातळी राखलेली असते. निदान होतं एक्स-रेवर. दोन्ही पुढच्या पायांचे, कण्याचे आणि कमरेच्या हाडांचे एक्स-रे काढायला सांगा. हाडाची बाहेरची पांढरी भिंत पातळ दिसते, हाड आणि आजूबाजूचं मांस यांतला फरक पुसट होतो, कधी दुमडल्यासारखे जुने फ्रॅक्चरही सापडतात. मुडदुसात, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेत, हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या रुंद झालेल्या दिसतात. इथे त्या सहसा ठीक असतात. उपचारात यामुळे फरक पडतो, म्हणून एक्स-रेचे पैसे वाचवू नका.

न तपासता मी शंभर टक्के सांगू शकत नाही, कारण या वयात लंगडण्याची आणि पाय वाकण्याची इतरही कारणं असतात. एकच पाय वळलेला असेल तर कारण बहुधा आहारात नसतं. कोपराखालच्या दोन हाडांपैकी एकाच्या वाढीच्या पट्टीला मार लागून त्याची वाढ थांबलेली असू शकते, आणि अशा वेळी आठवडाभर थांबणंही महागात पडतं, लगेच ऑर्थोपेडिक सर्जन गाठा. ताप असेल, मनगटाचे सांधे गरम आणि सुजलेले असतील तर हाडांच्या टोकांची सूज किंवा गोचिडताप बघावा लागतो. आज एक पाय, दहा दिवसांनी दुसरा, असं लंगडणं फिरत असेल तर पॅनोस्टिआयटिसची, म्हणजे वाढीच्या वयात लांब हाडांना येणाऱ्या सुजेची, शंका येते. आणि गुळगुळीत टाइल्सवर वाढणाऱ्या जड पिल्लांचे पंजे नुसते पसरतात, मनगट खाली बसतं. पकड असलेल्या जमिनीवर नेलं, वजन आटोक्यात ठेवलं की बरीचशी काही आठवड्यांत सुधारतात. तुम्ही सांगितलेलं खाणं, दोन्ही पायांची लक्षणं आणि उठताना होणारी वेदना एकत्र धरली, तर माझा कल आहाराकडेच आहे.

आता सिरपबद्दल. बाटलीवरचं लेबल नीट वाचा. 'कॅल्शियम फॉस्फेट २४० मिलिग्रॅम' असं लिहिलं असेल तर ते संपूर्ण संयुगाचं वजन असतं. त्यात मूळ कॅल्शियम साधारण ३९ टक्के, म्हणजे ९३ मिलिग्रॅम. दोन चमच्यांनी १८६ मिळाले आणि तूट आहे २,७०० ची. म्हणून फरक दिसत नाही. मग दहा-पंधरा चमचे द्यावेत का? अजिबात नाही, कारण बहुतेक सिरपमध्ये ड-३ जीवनसत्त्वही असतं आणि ते चरबीत साठत जातं. याच कारणाने माणसांना आठवड्यातून एकदा देतात ते ६०,००० युनिटचं ड-३ चं पाकीट पिल्लाला कधीही देऊ नका. त्यात दीड मिलिग्रॅम ड-३ असतं. १४ किलोच्या पिल्लाला एकच पाकीट दिलं तरी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम होतं आणि विषबाधेची लक्षणं याच पातळीपासून दिसू लागतात. उलट्या, खूप तहान, खूप लघवी, आणि पुढे मूत्रपिंडात कॅल्शियम साठून कायमचं नुकसान. आधी दिलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

कोवळं ऊन पिल्लाला आवडतं, बसू दे. पण त्यातून ड जीवनसत्त्व मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व बनतं, कुत्र्या-मांजरांच्या कातडीत ते जवळजवळ बनतच नाही, कारण त्यासाठी लागणारा कच्चा माल तिथे फार कमी असतो. त्यांना ते अन्नातूनच घ्यावं लागतं.

उद्यापासून काय करायचं? माझा आग्रह असा की हाडं भरून येईपर्यंत तरी घरचं खाणं बाजूला ठेवा आणि मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं संपूर्ण संतुलित तयार खाद्य सुरू करा. पाकिटावर दोन गोष्टी बघा: वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार असा स्पष्ट उल्लेख, तोही मोठ्या आकाराच्या जाती धरून, आणि कॅल्शियम साधारण १ ते १.५ टक्के. किंमत आणि जाहिरात यांवरून काहीच ठरत नाही. अशा कोरड्या खाद्यात किलोमागे सहसा ३,६०० ते ४,००० किलोकॅलरी असतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला दिवसाला २८० ते ३०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तीन वेळांत विभागून द्या. वाटीच्या मापावर जाऊ नका. भरलेल्या आणि सपाट वाटीत सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. सात दिवसांत बदल करा: पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवसापासून पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे जाऊन दोन दिवस थांबा.

हे खाद्य सुरू झालं की सिरप पूर्ण बंद. यावर लोक माझ्याशी सर्वांत जास्त वाद घालतात, म्हणून कारण सांगतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं जास्त येतं तेवढं जास्त शोषलं जातं. मोठ्या जातींत त्यामुळे कूर्चेचं हाडात रूपांतर नीट होत नाही, सांध्यांत भेगा पडतात, पाय वेगळ्याच कारणाने वाकतात. कमतरतेवर उपाय म्हणून अतिरेक केला तर पुन्हा वाकडे पायच पदरी पडतात. वरून काही द्यायचंच असेल, एखादं उकडलेलं अंडं किंवा चिकनचे तुकडे, तर ते दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा आणि तेवढं खाद्य कमी करा.

'आमच्याकडे पाकिटातलं खाणं द्यायचं नाही, घरचंच द्यायचं' असंही बरेच जण म्हणतात. मोठ्या कुत्र्याला घरचं अन्न व्यवस्थित देता येतं. वाढत्या लॅबला, तेही हाडं आधीच पोखरलेली असताना, अंदाजाने देता येत नाही. अंड्याच्या कवचाची पूड टाकली की झालं, असा सल्ला सर्रास दिला जातो. कवचं धुऊन, दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करून गाळली तर सपाट चहाच्या चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पुडीत दोन ग्रॅमच्या जरा आत कॅल्शियम मिळतं. मोठ्या कुत्र्याच्या चिकन-भातासाठी हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. तुमच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र वरचा हिशेब पुन्हा बघा. त्याला फॉस्फरसही २,५०० च्या जवळपास हवा आणि मिळतोय १,२००. त्यातला पोळीतला बराचसा फायटेट या धान्यातल्या संयुगात अडकलेला, म्हणजे पूर्ण वापरात येणारा नाही. नुसत्या कवचाने कॅल्शियम ३,००० वर नेलं तर प्रमाण अडीचास एक होतं, म्हणजे चूक दुसऱ्या टोकाला. दोन्ही भरायला साधारण ७ ग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेट आणि त्यावर अडीच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असं काहीतरी लागेल. त्यानंतरही तांबं, जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं अपुरीच राहतात. हा आहार प्राण्यांच्या पोषणाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहून घ्यावा लागतो आणि पिल्लू वाढेल तसा दर महिन्याला बदलावा लागतो. गाईगुरांसाठीचं सुटं खनिज मिश्रण परस्पर वापरू नका.

घर शाकाहारी असेल तर कुत्र्याला वाढीसाठीचं संपूर्ण संतुलित शाकाहारी खाद्य मिळालं तर चालू शकतं, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पिल्लाला दूध-पोळी आणि वरण-भातावर वाढवायचा बेत मात्र सोडा.

चिकनची हाडं घालू का, हा प्रश्न येणारच. शिजवलेली लांब हाडं टोकदार फुटतात, आतडं फाडू शकतात, घट्ट बद्धकोष्ठ करतात. कुकरमध्ये बोटाने चुरडतील इतके मऊ शिजवलेले पाय-माना त्यातल्या त्यात बऱ्या, पण त्यातून कॅल्शियम किती गेलं ते मोजता येत नाही, आणि तुम्हाला सध्या मोजूनच द्यायचंय.

आहाराइतकीच महत्त्वाची आहे विश्रांती. हाडं मऊ आहेत तोवर पिल्लाला तीन ते चार आठवडे लहान जागेत ठेवा: मोठा पिंजरा, किंवा कुंपण घालून खोलीचा कोपरा. खाली टाइल्सवर पाय घसरणार नाही असं जाड गोणपाट किंवा रबरी मॅट. जिना बंद, सोफा-पलंगावरून उड्या बंद, दुसऱ्या कुत्र्याशी दंगा बंद. शी-शूसाठी पट्टा लावून पाच मिनिटं बाहेर आणि परत. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांमागे. पुढच्या पायांना धरून ओढू नका. प्लास्टर किंवा फळी बांधण्याचा हट्ट धरू नका. मऊ हाडावर फळी बांधली की तिच्या कडेलाच नवं फ्रॅक्चर होण्याची भीती असते. वाकलेपणासाठी शस्त्रक्रिया करायची झाली तरी ती हाड पक्कं झाल्यावर.

वेदनेसाठी घरातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल तर मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरते. पशुवैद्य वजनानुसार योग्य औषध देतील. वेदना थोडी कमी झाली की पिल्लू धावू बघेल, तेव्हा विश्रांतीचा नियम सैल करू नका. नवी फ्रॅक्चर याच टप्प्यावर होतात.

आहार नीट झाला की चालण्यातला फरक बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत दिसतो, एक्स-रेवर हाड भरायला चार ते आठ आठवडे लागतात. चार आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढा, वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. पिल्लाला गुबगुबीत करू नका. वरून बघताना कंबर दिसली पाहिजे आणि बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत. ४८ लॅब्राडोरवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावंडांपेक्षा पाव भाग कमी खाल्लेली कुत्री सुमारे १.८ वर्षं जास्त जगली, त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा आली.

पुढच्यापैकी काही दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा: मागचे पाय ओढत चालणं किंवा लुळे पडणं (मणका दबलेला असू शकतो), अंगाला झटके किंवा स्नायूंची थरथर, दोन दिवस शी न होणं आणि कुंथणं (कमरेचं हाड आत वळून मार्ग अरुंद झालेला असू शकतो). हेच मादी पिल्लाच्या बाबतीत झालं तर तिला पुढे पिल्लं होऊ देऊ नयेत, अरुंद मार्गामुळे बाळंतपण अडतं.

आता मांजर. ती दोन वर्षांची आहे, वाढ पूर्ण झालीय, त्यामुळे पिल्लासारखी हाडं वाकायची भीती कमी. तिची गोष्ट वेगळी आहे, कारण मांजर हा लहान कुत्रा नव्हे. तिला टॉरिन हे अमिनो आम्ल अन्नातूनच लागतं, तिचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही, आणि ते मांस-मासळीतच असतं. कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दाखवून दिला. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं. हृदयाचा बिघाड लवकर कळला तर बराचसा भरून येतो, डोळ्याचा येत नाही.

तुमच्या मांजरीला मासा मिळतोय ही चांगली गोष्ट, पण टॉरिन पाण्यात उतरतं. मासा उकळून पाणी ओतून देत असाल तर टॉरिनचा मोठा भाग मोरीत जातो. पाणी कमी घ्या आणि तेच पाणी अन्नात कालवा. कच्चा मासा देऊ नका; काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. बी-१ कमी पडलेली मांजर आधी खाणं सोडते, मग मान छातीकडे वाकते, झोकांड्या जातात, झटके येतात. ही तातडीची वेळ असते, त्याच दिवशी बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर बहुतेकदा सावरते. रोज फक्त बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे दिले तर ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालच्या चरबीला सूज येते, मांजर हात लावू देत नाही. मांदेलीसारखी बारीक मासळी काट्यांसकट मऊ शिजवून दिली तर थोडं कॅल्शियमही मिळतं. कलेजी आवडते म्हणून रोज देऊ नका. अ जीवनसत्त्व साठून मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं. दूध-पोळीने पोट भरतं, बाकी तिच्या उपयोगाचं फारसं काही नाही, आणि कित्येक मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात.

तिच्यासाठीही मुख्य आहार म्हणून मांजरांचं संपूर्ण संतुलित खाद्य आणा, मासा वरचा. पण बदल करताना 'भूक लागली की खाईल' म्हणून तिला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठते आणि ती खरोखर दगावू शकते. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. नवं खाद्य माशाच्या कोमट पाण्यात भिजवून, सवयीच्या अन्नात चमचाभर मिसळून सुरू करा आणि दोन-तीन आठवडे द्या या बदलाला. आणि दोघांच्या ताटल्या वेगळ्या, वेळा वेगळ्या: कुत्र्याच्या खाद्यात मांजरीला लागेल इतकं टॉरिन असेलच असं नाही, आणि मांजरीचं खाद्य चोरून खाणाऱ्या पिल्लाचा तुम्ही तोलून ठरवलेला सगळा हिशेब बिघडतो. तिची ताटली ओट्यावर किंवा खिडकीत ठेवा, जिथे तो पोचणार नाही.